आबांची पुढची सीट

वडापच्या, म्हंजी शिटं भरून फेऱ्या मारणाऱ्या जीपमध्ये किस्से कसे साठतात सांगू? पॅसेंजरसारखे! जागा नसली तरी एकमेकांच्या मांडीवर बसतात, पण उतरत न्हाईत. मोबाइल खिशात यायच्या आधीपासून मी राहू-यवत लाइनवर जीप हाणली. त्यातले निम्मे किस्से एकट्या धोंडिबा आबांचे.

आबांना म्हातारपणी विसर पडायला लागला. बैल विकून कैक वर्षं झालेली, पण हे रोज "बैल सुटलं!" म्हणून हुडकायला निघायचे. दिसेल त्या गाडीत बसायचे. एकदा तर कासुर्डीजवळ हायवेच्या मधोमध सापडले. पोरगा बाजीराव सोसायटीचा संचालक. त्यानं घरातच ठराव मांडला, "पुन्यांदा हरवले तर खोलीत घालायचं आन् भाईरनं कडी!"

दुसऱ्या दिवशी त्याची बायको सुशीला स्टँडवर आली. "नाना, मामांना कोंडलं तर ते दार फोडत्याल, न्हाईतर डोकं. तुमी समदे जरा ध्यान ठेवा."

झालं! आम्ही ड्रायव्हरांनी कायदा केला. आबा दिसले की पुढच्या सीटवर बसवायचं आन् घरी पोचवायचं. तोवर बाजीरावनंही कडी लांबणीवर टाकली. "घरी चला" म्हटलं की काठी उगारायचे. "आबा, बैल घावलं!" म्हटलं की पळत येऊन जीपमध्ये! राहू येईस्तोवर बैल विसरून चहा मागायचे.

* * *

बाजीरावनं आधी एक आयडिया काढली. आबांच्या कंबरेला घुंगरू. वाजायचं थांबलं की समजायचं, म्हातारा बसलाय. लांब गेलं की पळायचं.

एका दुपारी घुंगरू मागच्या अंगणात छान वाजत होतं. बाजीराव निवांत पेपर वाचत बसला. तेवढ्यात मी जीप दारात लावली, पुढच्या सीटवर आबा!

"आरं, मग मागं कोन वाजतंय?"

शेळी! आबांनी स्वतःच्या हातानं तिच्या गळ्यात बांधलं होतं. वर मला म्हणाले, "लई हिंडती ती. ध्यान ठेवाया नगं?"

* * *

आमचा रशीदभाई दुपारच्या नमाजला जाताना आबांना त्याच्या जीपमध्ये बसवून गेला. परत येतो तर जीप गच्च! टपावरसुद्धा माणसं. रशीदभाई खूश.

"आबा, तुम्ही भरली?"

"मग! सोलापूर, सोलापूर वरडलो."

रशीदभाईनं डोक्याला हात लावला. "आबा, मी यवतच्या पुढं गेलो तर माझी बायको मला कोंडंल!"

* * *

मग मीच सुचवलं, आबांच्या सदऱ्याच्या पाठीवर नाव-गाव लिहून घेऊ. सदरा दिला आमच्या गाड्या रंगवणाऱ्या पेंटरकडं. त्यानं झक्कास अक्षरात लिहिलं, "धोंडिबा, मु. पो. राहू". आन् खाली सवयीनं, "हॉर्न ओके प्लीज"!

सुशीला हसून हसून खाली बसली. बाजीराव मला मारायच्या बेतात. पण खरं सांगतो, हायवेचे ट्रकवाले लांबूनच हॉर्न द्यायला लागले, आन् आबा शिस्तीत बाजूला सरकायला लागले!

* * *

तरी एकदा आमची नजर चुकली. आबा गायब. बाजीरावनं आधी खोलीला नवी कडी ठोकली, मग मोटारसायकलला किक मारली. आपला कायदा संपला, म्हटलं. मीही जीप काढली.

कासुर्डी फाट्याला दोघं उभे. बाजीराव वरडत होता, "घरी चला! घरी चला म्हंतो ना!" आबा त्याच्याकडं टकामका बघत होते. पोराला वळखलंच न्हाई!

माझी जीप दिसली तसा आबांनी हात केला. दुसऱ्या हातानं बाजीरावचं मनगट धरलं.

"ड्रायव्हर, ह्या गड्याला पुढं बसव. मघाधरनं घरी चला, घरी चला करतोय. वाट चुकलाय बिचारा."

बाजीरावनं तोंड उघडलं. मी कशाला संधी सोडतोय? "बसा पाव्हणं, बैल घावलं!"

बसला. आबा त्याच्या शेजारी, मनगट तसंच धरून. मोटारसायकल ऱ्हायली फाट्यावर.

दारात सुशीला उभी होती. मागं ती नवी कडी चकाकत होती. आबांनी बाजीरावला तिच्या पुढ्यात उभं केलं.

"पोरी, ह्याला आधी जेवाय घाल. आन् कोंडू-बिंडू नका बरं. घाबरतं मानूस."