दोन काडतुसांचा एकच साचा

मंगळवारी दुपारी बाबा दुकानात खुर्चीवरून पडले आणि गेले. संध्याकाळी काकांनी दुकानाची किल्ली मागितली. मी दिली नाही.

दुकान मालेगावात, वाशीमच्या रस्त्यावर होतं. बंदुका दुरुस्त करायच्या आणि सरकारी परवान्यावर वापरलेली काडतुसं पुन्हा भरून द्यायची, हा बाबांचा धंदा. गिऱ्हाईक बहुतेक रानडुकरांना कंटाळलेले शेतकरी. रिव्हॉल्व्हरवाले दोनच होते, किन्हीराजा गावचे निवृत्त फौजदार आणि आमच्या गावातल्या कापसाच्या जिनिंगचे मालक. दोघांच्या काडतुसांची जाडी एक, पण फौजदारांचं थोडं आखूड. बाबांनी लांब काडतुसाचा साचा मागवला होता, आखुडाचा कधी आलाच नाही. मग त्यांनी एक पितळी कडी घडवली. लांब काडतूस असलं की साच्याखाली कडी ठेवायची, आखूड असलं की काढून घ्यायची, म्हणजे साचा तेवढाच खाली उतरतो. साचा म्हणजे पोलादी नळ्या. वापरून फुगलेलं पितळी कवच पहिल्या नळीत दाबलं की ते मूळ मापावर येतं. मी घरी बसून बी.ए.चा अभ्यास करत होते, तेव्हा त्यांनी मला हे शिकवलं होतं.

ते गेल्यावर अकोल्याच्या कचेरीनं आईच्या नावानं तात्पुरता परवाना दिला. तो कायम होईल की नाही, हे चौकशीवर होतं. काकांना ती जागा आपल्या किराणा दुकानाला हवी होती, आणि चौकशीला येणाऱ्या माणसाला काय सांगायचं हे ते गावभर ठरवत फिरत होते.

तशात खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं धुऊन पुजतात.

"यंदा सण नाई," काका म्हणाले. "वरीस सरलं नाई अजून."

"भाऊजी, सण आमाले नाई. त्यायच्या हत्यारायले काहून नाई?" आई म्हणाली आणि तिनं करंडा उचलला.

"मंग पोरीले करू द्या. तुमी कुंकवाले हात लावू नका, वयनी."

आईनं लावला. कानस, पकड, हातोडी, सगळ्यांना बोटं ओढली. मग साच्याचा डबा पुढे घेतला. बाबांच्या काळी हा डबा पूजेत बंदच असायचा. आईनं तो पहिल्यांदा उघडला. नळ्या धुतल्या, लहान मुलाला माखावं तसं गोडं तेल आतून-बाहेरून चोळलं, आतही कुंकवाचं बोट फिरवलं. मी बघत राहिले. बाबा गेल्यापासून तिच्या हातांना एवढं काम मिळालं नव्हतं.

दसऱ्यानंतर फौजदार रिकामी कवचं घेऊन आले. मी कडी काढली, पहिलं कवच दाबलं. बाहेर आलं ते खळगा पडून, अंगावर तांबडे ओरखडे घेऊन. दुसरं तसंच. तिसरंही.

काका दारातच होते. त्यांना दारात उभं राहायचा छंदच लागला होता.

"पाहा, फौजदारसाहेब," ते म्हणाले. "विधवेनं कुंकवाले हात लावला तं असंच होईन. म्या सांगतलं होतं."

आई आतल्या खोलीत होती. तिनं ऐकलं. भांड्यांचा आवाज थांबला.

माझ्या हाताला तेलकट लागत होतं. मी नळी उजेडाकडे धरली. आत तेल साचलं होतं आणि त्यात कुंकवाचे कण होते. कवच दाबताना तेलाला जायला जागा नव्हती, म्हणून खळगे, आणि कणांमुळे ओरखडे. बिघडलेली कवचं मी बाजूला टाकली. नळ्या रॉकेलनं धुतल्या, कोरड्या फडक्यानं आतून पुसल्या. मग हाक मारली.

"आई, करंडा घेऊन ये."

ती दारात आली. "राहू दे वं बाई."

"नाई राहू देत. बाहेरून लाव. आत नको."

"अवं, हे सारे पाहून राह्यले."

"पाहू दे ना."

तिनं नळीला बाहेरून बोट लावलं. रेघ वाकडी गेली. मी चौथं कवच दाबलं. गुळगुळीत निघालं. पाचवंही. दोन्ही मी काकांच्या हातावर ठेवली.

"सांगा, कोणाच्या हाताचा दोष आहे?"

 फौजदारांनी काकांच्या हातावरचं कवच उचललं, फिरवून पाहिलं. "तेलाचा दोष आहे ना बाप्पा. बाईचा कायले राह्यते? मी हेच सांगीन, जो इचारीन त्याले."

आई एकदम हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. "म्हणून डबा उघडू देत नव्हते का! मले वाटे, बिड्या लपवून ठेवल्या असतीन."

चौकशीत फौजदारांनी जे पाहिलं ते सांगितलं. काकांनीही आपलं सांगितलं. परवाना कायम झाला. पुढे दर नवमीला आईनं हत्यारं स्वतः पुजली, रस्त्याकडचं दार सताड उघडं ठेवून. मी लग्न केलं नाही, दुकान केलं. कोणाला त्याची कीव आली असेल, मला आली नाही.

आई गेल्या पौषात गेली. परवाना तिच्याच नावावर होता, म्हणून हत्यारं आणि साचा मी कचेरीत जमा केला. काका त्याआधीच वारले होते. त्यांच्या मुलांनी आईच्या तेराव्याला निरोप पाठवला, जुनं विसरून जा. मी उत्तर दिलं नाही.

दुकानाची जागा आता रिकामी आहे. ती माझ्या नावावर आहे आणि मी ती त्यांना देणार नाही.