सकाळचं फाटक

जनीमावशीच्या पायाला भिंगरी होती, आणि ती लष्कराने लावली असं मी आजही म्हणतो. कोलशेतच्या पलीकडे खाडीला लागून आमचा कोळीवाडा. शहाऐंशी साली शेजारच्या तळाची हद्द वाढली आणि काटेरी तार थेट आमच्या परसापर्यंत आली. खाडीची वाट तारेच्या आत गेली. पुरुषांनी होड्या दुसऱ्या बंदराला नेल्या. पण ओहोटीला चिखलात उतरून कालवं काढणाऱ्या बायकांनी जायचं कुठून?

सगळ्यांच्या वतीने बोलायला मावशी गेली. तोंडाची फटकळ, कुणाच्या बापाला न भिणारी. तळावरचा साहेब तसा भला माणूस. तारेतल्या फाटकावरच्या विश्राम नावाच्या जवानाकरवी त्याने विचारलं, "खाडीवर कधी जाता?"

"सकालची," मावशी म्हणाली.

त्या आठवड्यात ओहोटी सकाळची होती, म्हणून. ओहोटी रोज पुढे सरकते हे कुणाला सांगावं लागतं, असं तिच्या स्वप्नातही आलं नाही. आमच्यात ते पाळण्यातल्या पोराला कळतं. साहेबाने तिथल्या तिथे हुकूम दिला, फाटक रोज सकाळी दोन तास उघडेल. कोळीवाडा मावशीला डोक्यावर घेऊन नाचला.

आठवडा उलटायच्या आत ओहोटी दुपारवर गेली, आणि फाटक उघडायच्या वेळी समोर काठोकाठ पाणी. मावशी पुन्हा गेली, तर साहेबाची बदली झालेली. नवा म्हणाला, वेळ तुम्हीच मागितलीत. बायका तिला नाही नाही ते बोलल्या आणि एकेक करून घोडबंदर रोडच्या नव्या इमारतींत धुणीभांडी करू लागल्या. मला साहेबापेक्षा त्यांचाच राग आला.

मावशी घरात ठरेना. दुपारी उघड्या चिखलाचा वास आला की हातातलं काम टाकून उठे आणि तारेच्या कडेने येरझारा घाली.

एकदा विश्राम म्हणाला, "मावशी, कुणीच येत नाही. हे फाटक कायमचं बंद करणारेत."

तेव्हापासून ती रोज सकाळी रिकामी पाटी घेऊन आत जाऊ लागली. पंधरवड्यातून दोन-तीन दिवस ओहोटी फिरून सकाळी येई, तेव्हा कालवं मिळत. बाकीचे दिवस भरल्या पाण्यासमोर बसून परत. पंच्याण्णव साल उजाडलं तरी हेच.

"अगं, भरतीला कशाला जातेस?" मी एकदा चिडून विचारलं.

"मी गेले तरच ते उघडतात रे," मावशी म्हणाली. "सकाल मीच मागितली ना."

आणि पाटी उचलून ती चालू लागली.