रस्त्याला घातलेली दुमड

गल्लीत तिला सगळे 'कात्री' म्हणत, आणि तोंडावर म्हणत. तिचं शिवणकामाचं दुकान उपनगराच्या सरळसोट रस्त्याला लागून, पण नाव पडलं ते जिभेवरून. पँट आखूड करायला आलेलं गिऱ्हाईक स्वतःच दोन बोटं आखूड होऊन परत जायचं.

तिचे वडील, अप्पा, निवृत्त पोस्टमन. चाळीस वर्षं सायकलवर गाव पालथं घातलेला माणूस. पण गेल्या वर्षी एका मोटारसायकलनं हातातली काठी उडवली, आणि अप्पांनी रस्ता ओलांडणंच सोडलं. पलीकडे घड्याळं दुरुस्त करणाऱ्या दोस्ताचं दुकान. दोघांचा बुद्धिबळाचा डाव रोज चारला ठरलेला. तो आता फोनवर चाले. इकडे एक पट, तिकडे एक पट, मध्ये वीस पावलं रस्ता.

"माझा उंट होता तिथं!" अप्पा फोनमध्ये ओरडत.

"तुझा उंट काल मेला, पोस्ट्या. मी स्वतः उचलला."

"पुरावा दे!"

नेमकी तेव्हाच लाइन जाई. मग अप्पा पटाकडे बघत बसून राहत. आता दारापर्यंत जायचं तरी भिंत धरत. शिवणयंत्रावरून मान वर केली की कात्रीला तेच दिसे. हा माणूस खुर्चीतच आटून जाणार, हे तिला कळून चुकलं होतं.

म्हणून तिनं गतिरोधकासाठी अर्ज केला. सहा महिन्यांनी उत्तर आलं: 'वेगमोजणी केली असता सदर रस्त्यावरील वाहनांचा सरासरी वेग ताशी अठरा किलोमीटर आढळला. गतिरोधकाची आवश्यकता नाही.' कागदावर रस्ता शांत होता. कागदावर सगळंच शांत असतं.

कात्री तरातरा नगररचना कार्यालयात गेली. वाहतुकीच्या इंजिनियरला म्हणाली, "अठरा? अहो, झाकल्या डोळ्यांनी मोजलंत का?" पुढचं जे म्हणाली ते लिहिण्याजोगं नाही. शिपायानं तिला अदबीनं दार दाखवलं.

राग उतरल्यावर तिनं कागद पुन्हा वाचला, आणि मोजणीच्या तारखेवर तिचं बोट अडलं. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा! त्याच आठवड्यात तिनं शिवून दारात टांगलेले एका डॉक्टरीणबाईंचे पांढरे कोट धुळीनं खाकी झाले होते. इंटरनेटच्या केबलसाठी रस्ता खोदला होता. अर्ध्या रस्त्यावरून गाड्या अशा रांगत होत्या, की कुत्रंसुद्धा त्यांना मागे टाकून जाई.

पण हे सांगायचं कसं? तोंड उघडलं की शिपाई ठरलेला. दिवसात ती गप्प असे ती एकदाच, कपडा अंगावर बेतताना, ओठांत टाचण्या असत तेव्हा. दुसऱ्या दिवशी चार टाचण्या ओठांत धरूनच ती कार्यालयात शिरली.

"आज काय म्हणणं आहे?" इंजिनियर खुर्ची मागे सरकवत म्हणाला.

तिनं पत्रातल्या तारखेवर बोट ठेवलं. मग तेच बोट त्याच्या पाठीमागच्या टेबलाकडे वळवलं. केबलच्या खोदकामाला परवानगी देणाऱ्या मॅडम तिथं बसत. त्यांनी कुतूहलानं फाइल काढली.

"नऊ ते सोळा फेब्रुवारी, रस्ता खोदलेला."

इंजिनियरचा चेहरा पडला. "मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलंत कधी? पाच वर्षं पाठीला पाठ लावून बसतोय आपण!"

"चूक आमची," इंजिनियर कात्रीला म्हणाला. "पण आता फेरमोजणी, मग समिती... वर्ष जाईल."

"आणि आम्ही तर पुढच्या महिन्यात तो रस्ता पुन्हा खोदणार," मॅडम म्हणाल्या. "केबल पलीकडे न्यायचीय."

कात्रीनं एकेक करून टाचण्या काढल्या आणि पदराला टोचल्या.

"साहेब, कापड उसवायचंच आहे ना? मग शिवताना दुमड घाला. चर बुजवताना चार बोटं वर बुजवा, चांगला रुंद, दोन्ही अंगांना उतार. वर पांढरे पट्टे ओढा. आणि केबलला खालून पाइप टाका, म्हणजे परत उसवायला नको."

दोन्ही टेबलं पहिल्यांदाच एकमेकांकडे वळली. मग इंजिनियरनं नवा आराखडा उघडला. वेग आवरण्यासाठी प्रयोगाच्या पाच जागा मंजूर होत्या, पाचवी अजून कोरी होती. तिथं त्यानं पेन टेकवलं.

"हे सुचलं कसं तुम्हाला?"

"तोंड बंद होतं, म्हणून."

पट्ट्यांचा रंग वाळला त्या दिवशी, चारच्या ठोक्याला, अप्पा पट बगलेत मारून कडेला उभे राहिले. एक मोटार भरधाव आली. यंत्रावरचा कात्रीचा पाय थांबला. उंचवट्याशी मोटार रेंगाळली, थांबली. अप्पांनी पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. आणि ऐन मध्यावर उभे राहून काठी पलीकडे रोखली.

"आधी सांग, माझा उंट कुठाय?"

मोटारवाल्यानं हॉर्न दाबला. कात्री ताडकन दारात आली, पण ओठांत टाचण्या होत्या. शिवी मग अप्पांनीच घातली.