नळीतला बुडबुडा

वहिनी नेमकी कोणाची, हे आता कोणी विचारत नाही. चढावरच्या वस्तीत लहानथोर सगळेच तिला वहिनी म्हणतात. खरं तर ती एकाच माणसाची वहिनी, घरात सोबत राहणाऱ्या नणंदेची. नवरा गेला तेव्हा मागे दोनच गोष्टी ठेवून गेला, असं ती हसत सांगते: एक डिझेलची जुनी फोर-व्हील गाडी आणि एक आपली बहीण. दोघींनाही सकाळी हलवून हलवून उठवावं लागतं.

वहिनी कपडे शिवते. गाडी चालवायला ती नवऱ्याकडूनच शिकली, तीही चाळिशी उलटल्यावर. तो इतका ओरडायचा की दोनदा ती गाडीतून उतरून पायी घरी आली. तिसऱ्यांदा मात्र तिने त्यालाच उतरवलं. तेव्हापासून तो कौतुकाने सगळ्यांना सांगायचा, आमच्या हिचं नाक कायम वर असतं.

पुढे नणंदेची मूत्रपिंडं निकामी झाली आणि गाडी ही चैन राहिली नाही. एक दिवसाआड खालच्या शहरात डायलिसिस. रस्ता म्हणजे नुसते दगड, साधी गाडी अर्ध्यावर घसरून बसते; चारही चाकांना जोर असलेलं हे धूडच तिथे कामाचं. आणि नवरा गेल्यानंतर थोड्याच दिवसांत या धुडाने सकाळी सुरू व्हायचं सोडून दिलं.

मिस्त्री भला माणूस. त्याने आधी बॅटरी बदलली, मग स्टार्टर उघडून साफ केला, मग इंजिन गरम करणारे प्लग नवे घातले. दर वेळी गाडी दोन दिवस गुणाने वागायची आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी त्याने हात टेकले. वर थंडी फार आहे, म्हणाला. दवाखान्यासमोर दिवसभर उभी राहूनही गाडी एका किल्लीत सुरू व्हायची, त्यामुळे थंडीचं म्हणणं सगळ्यांना पटलं. वहिनीला अर्धंच पटलं.

मग एका सकाळी गाडी दुपारपर्यंत हललीच नाही. दवाखान्यातली जागा दुसऱ्याला गेली. नणंदेचे पाय सुजले, दम लागला, आणि पुढचा दिवस दोघींनी कसा काढला ते दोघींनाच ठाऊक. बरं वाटल्यावर नणंदेने पहिलं काम काय केलं, तर कपड्यांची पिशवी भरली. दवाखान्यामागे एक खोली मिळत होती. पुढच्या आठवड्यापासून ती तिथे एकटी राहणार होती.

"किल्ली फिरवताना तुझा चेहरा बघते मी दर वेळी," ती म्हणाली. "मला तो चेहरा बघत जगायचं नाही, वहिनी."

वहिनीला राग आला. नणंदेचा नाही, गाडीचा. गाडी सुरू होत नाही म्हणून घरातलं माणूस घराबाहेर जाणार? तिने हातातलं शिवण बाजूला ठेवलं आणि जाऊन बॉनेट उघडलं.

शिलाई मशीनवर दोरा तुटायला लागला की वहिनी अख्खं मशीन खोलत नाही. सुईपासून सुरुवात करते आणि एकेक जागा तपासत मागे रिळापर्यंत जाते. इथेही तिने तेच केलं. किल्ली फिरवली तर इंजिन जोरात फिरत होतं, म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर निर्दोष. मागच्या नळीतून धूर मात्र चिमूटभरही नाही. दोष थंडीचा असता तर न जळलेलं डिझेल पांढरा धूर होऊन बाहेर आलं असतं. धूरच नाही, याचा अर्थ डिझेल आत पोचतच नव्हतं. डिझेल हाताने पुढे ढकलायचा फिल्टरवरचा हातपंप तिने घट्ट होईपर्यंत दाबला, पुन्हा किल्ली फिरवली, आणि धूड धडधडत जागं झालं.

टाकीत डिझेल भरपूर होतं. मग रात्रीतून ते नळीतून जात कुठे होतं?

तेव्हा तिला नवऱ्याची जुनी खोड आठवली. तो गाडी नेहमी उताराकडे तोंड करून लावायचा. त्याचा बॅटरीवर भरवसा नाही, गाडी ढकलून सुरू करायची सोय करून ठेवतो, अशी वस्तीत थट्टा चालायची. वहिनी मात्र गाडी चढाकडे तोंड करून लावत होती, कारण तशी लावली की नणंदेच्या बाजूचं दार बरोबर पायरीला लागायचं. दवाखान्यासमोरची जागा सपाट. त्या संध्याकाळी तिने मुद्दाम गाडी उलटी लावली. सकाळी कडाक्याची थंडी होती, तरी पहिल्याच किल्लीला गाडी सुरू झाली. नाक वर असलं की डिझेल मागे टाकीत उतरत होतं, आणि ते उतरायचं तर कुठून तरी हवा आत शिरत असणार.

"मग उलटीच लावत जा. मी त्या बाजूने फिरून येईन," नणंद म्हणाली.

त्या बाजूला खडी आणि चर. डायलिसिसहून परतल्यावर तिचे पाय लटपटतात. तिथे ती एकदा पडलीही होती.

"तुम्ही पायरीवरूनच उतरणार, वन्सं," वहिनी म्हणाली. "हवा कुठून येते ते मी शोधणार."

मिस्त्रीने फोनवर युक्ती सांगितली: मध्ये एक पारदर्शक नळी जोडून बघा. वहिनीने ती आधी फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला जोडली. तिथे डिझेल स्वच्छ. मग फिल्टरच्या पलीकडे, इंजिनच्या बाजूला जोडली. गाडीत बसून इंजिन चालू ठेवायचं आणि नळीही बघायची, हे एका माणसाचं काम नव्हतं, म्हणून नणंद कुरकुरत पुढे खुर्ची टाकून बसली. वहिनी मधूनच उतरून बघून गेली. तिला तर सगळं ठीक दिसलं. इथेही नाही, म्हणजे आता कुठे, असं मनात म्हणत ती इंजिन बंद करणार होती.

"थांब," नणंद म्हणाली. "हवा आहे."

वहिनीने पुन्हा उतरून येऊन डोळे ताणले. काही दिसेना.

"बारीक आहे. मोहरीएवढी. ही बघ, गेली. ही दुसरी." नणंदेने नळीवर बोट ठेवलं. "इतकी वर्षं नळीकडे बघत पडून राहते मी. हवेचा एक बुडबुडा आला तर माझं मशीन ओरडून सगळा दवाखाना गोळा करतं. तुझी गाडी बिचारी मुकी आहे, वहिनी."

अलीकडे हवा नाही, पलीकडे आहे. म्हणजे दोष मधल्या फिल्टरवरच. वहिनीने हातपंप खोलला. आतलं रबर वाळून तडकलं होतं, केसाएवढी भेग. मिस्त्रीने दुपारी नवं रबर आणून बसवलं आणि एवढ्याशा गोष्टीने आपल्या नाकी नऊ आणले म्हणून मनापासून हळहळला.

वहिनीने संध्याकाळी गाडी चढाकडे तोंड करून लावली. कशाला उगाच परीक्षा बघतेस, असं नणंद म्हणाली, तरी लावली. सकाळी काचांवर दव गोठलं होतं. वहिनीने किल्ली फिरवली आणि या वेळी चेहरा मुद्दाम दुसरीकडे वळवला. गाडी सुरू झाली.

नणंद पायरीवरून आत येऊन बसली. तिचे हात मोकळे होते. पिशवी कुठे, वहिनीने विचारलं.

"कपडे कपाटात ठेवले," नणंद म्हणाली. रस्त्याकडे बघत तिने दार ओढून घेतलं. "आणि संध्याकाळी गाडी अशीच लाव. नाक वर करून."