शिडी आमची आणि विहीणबाई

साल दोन हजार तेवीस. मला बहात्तरावं लागलं होतं, आणि तोवर अख्ख्या कोल्हापुरात मला गप्प बसवणारा माणूस जन्माला आला नव्हता. बाई मात्र जन्माला आलेली होती आणि ती नेमकी माझ्या लेकीची सासू निघाली. मुलीच्या बापानं विहिणीला उलटं बोलायचं नाही ही आमच्यातली रीत. ह्या रीतीचा जेवढा फायदा ह्या बाईनं उठवला, तेवढा मानपानाच्या साड्यांत कुठल्या विहिणीनं उठवला नसंल.

तिला वेड एकच, लाईटबिलाचं. कोडोलीत अंगणवाडीवर होती. तिथनं सुटली ती गोरगरिबांना विजेच्या गिऱ्हाइकाचे हक्क शिकवत फिरायला लागली. आमची पोरगी बघायला आली तेव्हा आम्ही पोह्यांच्या बशा धरून उभे, आणि ही दारातल्या मीटरखाली मान वर करून. मला म्हणाली, "पावणं, बिलावरचा आकडा आन् ह्यो आकडा कवा ताडून बघितलासा?" पोरगी तिनं नंतर बघितली. हळदीकुंकवाला गेली तर उखाणे राहिले बाजूला, बिल जास्त वाटलं तर मीटर तपासून मागता येतो हे बायकांकडनं पाठ करून घेतलं. माझ्या चुलतभावाच्या बाराव्याला पंगत बसली, तर त्याच्या थोरल्या पोराला घास तोंडात असताना विचारलं, मीटर तुझ्या नावावर करून घेतलास का. पोराला ठसका लागला. बोलणी मात्र मी खाल्ली, कारण पाहुणी माझी.

मी चौथीतनं शाळा सोडलेला. उभा जन्म मार्केटात गुळाचे तीस-तीस किलोचे रवे उचलले, पण कुठल्या साहेबाच्या टेबलापुढं तक्रार घेऊन उभा राहिलो नाही. सरकारी माणूस दारात आला तर त्याला चहा द्यायचा, मागंल ती वस्तू काढून द्यायची, ही आमच्या गल्लीची पद्धत, आणि ती मीच पाडलेली.

त्या वर्षी ऐन एप्रिलात विहीणबाई मिरच्या घेऊन आमच्याकडं आली. शेजारच्या आक्काचं चटणीचं कांडप आहे. आक्का विधवा, पदरात दोन पोरी. उन्हाळ्याचे दोन-अडीच महिने मशीन धडधडलं तर वर्षाची चूल पेटते. तिला मीटर न बघताच अंदाजानं भलं मोठं बिल आलं होतं. ते चूक आहे म्हणून ती भरत नव्हती, आणि कुठं सांगायचं हे तिला ठाऊक नव्हतं.

सकाळी वायरमन आला. आक्काची वायर तोडायची म्हणाला, आणि शिडी मागितली. मी दिली. आमच्यात नाही म्हणत नाहीत. शिवाय खाली उभा राहून शिडी धरलीही, पडला बिचारा तर काय घ्या. आक्का मिरच्यांच्या पोत्याशी उभी राहून नुसती पदरानं डोळे पुसत होती. मिरचीचा खाट डोळ्यांत गेला होता की रडत होती, मी विचारलं नाही.

तेवढ्यात आमच्या घरातनं विहीणबाई बाहेर आली आणि शिडीच्या खालच्या पायरीवर सरळ बसली. वरच्याला म्हणाली, "बाळा, पंधरा दिस आधी लेखी नोटीस दिलीया का?"

तो म्हणाला, मोबाईलवर मेसेज गेला असंल.

"आक्काकडं बटणाचा फोन हाय, आन् तिला वाचता येत न्हाय. कागद दिलाय का?"

कागद नव्हता. तो म्हणाला, मला साहेबांनी पाठवलंय, मावशी. ती म्हणाली, तुझ्यावर राग न्हाय, साहेबाला जाऊन हेच सांग. मग माझ्याकडं वळली.

"पावणं, शिडी कुणाची?"

"आमची."

"मग घरात न्या की."

गल्ली सगळी बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी सरकारी माणसाला दिलेली वस्तू परत मागितली. विहीणबाई पायरीवरनं उठली, तो उतरला. मी शिडी खांद्यावर घेतली, आणि चहा मात्र पाजला. पुढं आक्काचा अर्ज गेला, मीटर तपासला, बिल दुरुस्त होऊन आलं आणि सगळ्या गल्लीची चटणी वेळेत झाली.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी मी तिला एसटीला सोडायला गेलो. पायरी चढताना ती दांडा धरून बराच वेळ थांबली. मला वाटलं काहीतरी विसरली. म्हणाली, "गुडघं ऱ्हायलं न्हाईत आता, पावणं. माझं काय हितं येणं व्हणार न्हाय सारखं. ह्या गल्लीचं तुमी बघा."

मी म्हणालो, आम्हाला दुसरे उद्योग हायत. ती हसली. जन्मात तिला दिलेलं हे माझं एकच उलट उत्तर, आणि तेही तिनं मनावर घेतलं नाही. एसटी गेली, तरी मी फलाटावर उगंच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, जुनं बिल काढलं, चष्मा लावला आणि दारातल्या मीटरखाली स्टूल घेऊन वर चढलो. बायको आतनं म्हणाली, काय बघताय वर? म्हटलं, काय न्हाय, जळमटं काढतोय. मग आक्काच्या दारात गेलो. तिनं पाणी पुढं केलं. म्हटलं, ठेव तिथं, आधी मीटर दाखव.