वात बुडायला लागली तेव्हा

जयसिंग हा संभाजीचा पाठचा भाऊ. हे आधी सांगायला पाहिजे, कारण तो जर्मनीला गेल्यापासून मांजरी गावातली माणसं उलटं सांगायला लागलीत. संभाजी कोण? तर जयसिंगचा भाऊ!

आता मांजरीतली निम्मी लोखंडी गेटं संभाजीच्या हातची. सातवी शिकलेला माणूस, पण त्याचा वेल्डिंगचा टाका आजवर कुठं तुटला नाही. जयसिंगच्या हातात वेल्डिंगचा होल्डर पहिल्यांदा दिला तोही त्यानंच. आणि 'सर' झाला कोण? जयसिंग. तिकडं शाळा सुटलेल्या, घराबाहेर पडलेल्या पोरापोरींना हा वेल्डिंग शिकवायचा.

पहिले दोन महिने पोरं मान वर करून बघत नव्हती.

"दादा, माझ्यानं नाही व्हायचं. जानेवारीत परत येतो," जयसिंग फोनवर म्हणाला.

संभाजी वरवर हळहळला, आणि त्याच दिवशी त्यानं आपल्या दुकानात जयसिंगसाठी वेल्डिंगचं दुसरं मशीन मांडून ठेवलं.

मग डिसेंबर आला. तिकडं नाताळच्या आधीचे चार रविवार पाळतात. पहिल्या रविवारी एक मेणबत्ती लावायची, फुंकून ठेवायची, पुढच्या रविवारी तिच्या जोडीला दुसरी. जयसिंगनं पहिली लावली आणि कुणाला फुंकूच देईना. दिवा फुंकायचा नसतो, हे आईनं दोघा भावांना पाठीत धपाटे घालून शिकवलेलं. मेणबत्ती जळून जळून संपली.

दुसऱ्या रविवारी दुपारी जयसिंगचा व्हिडिओ कॉल. चेहरा नुसता फुललेला.

"दादा, पोरं आधी चिडली, मग हसायला लागली. म्हणाली, सर, न संपणारा दिवा आम्हीच बनवतो. भंगारातनं वाटी जोडलीय बघ! स्वतःहून आली रे सगळी. आता वाटतंय, होईल काहीतरी यांचं."

"मग जानेवारीचं काय?"

"बघू ना. पण वात सारखी तेलात बुडतेय. काय करू?"

संभाजीनं एका नजरेत ओळखलं. वाटी गोल, तिला चोचच नव्हती. वात टेकणार कुठं? पण जयसिंगच्या मागं ती पोरं दाटीनं उभी होती. इथं दुकानात जयसिंग असा कधी हसला नव्हता.

"मला काय इचारतोस? सर तू हायस," म्हणून त्यानं फोन ठेवला.

बायको सोजरबाई शेजारी तांदूळ निवडत होती. "ठावं असून सांगितलं न्हाई ना? लेकरांवर जळताय व्हय, या वयात?"

"जळायला मी काय वात हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दुकानाचं शटर वर केलं, पत्र्याचा तुकडा कापला, ठोकून वाटी केली, काठाला चिमटीएवढी चोच काढली. तेलवात घालून दिवा लावला, फोटो धाडला आणि त्याखाली आवाज रेकॉर्ड करून पाठवला, "चोच अशी काढायची. टाका जाड मारलाय तुझ्या पोरांनी, पण तेल गळत न्हाई, म्हंजी हात चांगलाय. सरांचा सर मांजरीत बसलाय म्हणावं. आणि तू जानेवारीची घाई करू नगंस."

मग त्या दुसऱ्या मशीनवर त्यानं गोणपाट टाकलं.