बिनकाकडाची शेवळं

मुलीच्या वडिलांची जीभ बाहेर आली होती, मुलीची आई गळा धरून ओसरीच्या खांबाला टेकली होती, मुलीचा मामा मोरीत वाकून चुळांवर चुळा भरत होता, आणि आमचा म्हातारा शांतपणे म्हणाला, “भाजी अजून आहे का गं?”

या म्हाताऱ्याचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, तोंड तंबाखू-चुन्याने कधीच मेलेलं आहे. पानात विंचू वाढला तरी मीठ कमी आहे म्हणेल.

“मावशी, भाजीत घातलंत तरी काय?” मुलीच्या वडिलांनी कसंबसं विचारलं.

काय घातलं, हा प्रश्नच नव्हता. काय घातलं नाही, हा होता!

शेवळं म्हणजे जूनमध्ये जमिनीतून वर येणारे जांभळट कोंब. भाजी झकास होते, पण मुळात खाजरी. काकडाच्या झाडाची आंबट फळं ठेचून त्यांचा रस घातला की खाज मरते. आमच्या उधव्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही होतं. फक्त आमच्या परसातला काकड मी तोडून टाकला होता. विवळवेढ्याच्या जत्रेतून गुलाबाची कलमं आणली होती, त्यांच्यावर सावली नको म्हणून. काकड गेला, ऊन आलं, आणि त्या उन्हाने गुलाब वाळून गेले.

बाकी माझी बाग चांगली आहे, उगाच खोटं कशाला बोलू! पावसाळ्यात मांडवावर शिराळी आणि काकड्या, थंडीत वाल, मुळा, झेंडू, उन्हाळ्यात मोगरा. कधी काय येणार ते मला पाठ आहे. घरच्या माणसांचं तेवढं सांगता येत नाही.

महेश, म्हणजे माझा धाकटा, याच्यासाठी मसोलीचं स्थळ आलं होतं. त्याआधी तीन मुलींनी नाही म्हटलं होतं. पहिलीला घर रस्त्यापासून लांब वाटलं. दुसरीला महेशच्या डोक्यावर केस कमी वाटले. तिसरीने कारणच सांगितलं नाही, म्हणजे मीच असणार. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. नेमकी एकादशी आली, त्यामुळे कोंबडी बाद. मी ठरवलं, पाहुण्यांना सगळं परसातलंच खाऊ घालायचं. शेवळं करायची!

कुंपणापलीकडे थोरल्या जाऊबाईंचा काकड फळांनी लगडला होता. पण त्यांच्या कोंबड्यांनी माझा मुळ्याचा वाफा उकरल्यापासून आमचं बोलणं बंद होतं. मेले तरी मागणार नव्हते. (मरायची पाळी दुसऱ्यांवर आली, तो भाग वेगळा.)

“आई, दुकानातून चिंच आणू का?” महेश म्हणाला.

“दुकानातलं काही नको. परसात कैरी आहे.”

“कैरीला पाड लागलाय. गोड झाली असेल.”

“तुझ्या लग्नाचं वय उलटून चाललंय, मी काही बोलते का?”

आणि मी कैरीच ठेचून घातली. भाजी चाखून बघितली असती, पण एकादशीचा उपास! देवाचा यात काही दोष नाही. (थोडा आहे.)

पाहुणे आले. मुलीची आई बाग बघून खूश. “आमच्या गॅलरीत एक तुळस आहे, तीपण आजारी,” म्हणाली. मी तिला अळू दाखवलं, लिंबू दाखवलं, वालाचा रिकामा मांडवही दाखवला.

“औषधं फवारता का?” मामाने विचारलं.

“अजिबात नाही! माझ्या परसातलं कितीही खा, बाधायचं नाही.”

पानं वाढली. पहिल्या घासाला सगळे म्हणाले, “वा!” दुसऱ्याला सगळ्यांचे हात पाण्याकडे गेले. तिसऱ्याला मामा उठला. तो पलीकडे गुजरातेत नोकरीला असतो, घाबरला की गुजरातीत बोलतो. “अरे बेन, शुं खवडाव्युं!” (म्हणजे, काय खाऊ घातलंत!) म्हणत मोरीकडे धावला.

मी साखर दिली. साखरेने काही होईना. म्हातारा म्हणाला, “जरा चुना लावून बघा.” मुलीच्या आईला कुठून बुद्धी झाली, ती परसात धावली आणि लिंबू तोडायला झाडाला लोंबकळली.

“डहाळी मोडेल!” मी ओरडले.

तिचा गळा सुजला असताना मी डहाळीसाठी ओरडले, हे मुलीच्या वडिलांनी ऐकलं. त्यांनी चपला शोधून हातात घेतल्या. चौथं स्थळही गेलं, मी मनात म्हटलं.

एवढ्यात कुंपणावरून जाऊबाई आल्या. पदरात काकडं. “धरा, एकेक चावा, रस तोंडात फिरवा. काय गो सुमन, सून बघायला बोलावलीस की मारायला? मागितली असतीस तर मी काय दिली नसती काकडं?” मग जरा विचार करून म्हणाल्या, “नसती दिली. पण मागायचं तरी!”

पाहुणे ओळीने बसून काकडं चावू लागले. तेव्हा कुठे माझं लक्ष महेशकडे गेलं. तो डोळ्यांतून पाणी गाळत भाजी खातच होता. समोर मुलगी, सोनल, वरचा ओठ सुजून नाकाला लागलेला.

“तुम्हाला खाजत नाही?” तिने विचारलं.

“खूप खाजतंय.”

“मग खाताय कशाला?”

“आईने केलीय.”

“मग आधी आईंना वाढायची ना!”

जाऊबाई आधी हसल्या, मग मामा हसला, आणि शेवटी मुलीच्या वडिलांनी चपला खाली ठेवल्या. चार दिवसांनी निरोप आला. मुलगी तयार आहे, पण स्वयंपाक ती करील. आईंनी बाग बघावी.

लग्नाच्या मांडवात जेवायला बसण्याआधी मुलीच्या वडिलांनी आचाऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, “चुलीकडे मावशी आल्या होत्या का?” तो नाही म्हणाला, तेव्हा बसले.

त्या एकादशीला शेवळं खाल्लेली सगळी माणसं जिवंत आहेत. मीही आहे. मी खाल्ली नव्हती.